वॉर्डातली प्रॉम्प्टर

आम्लपित्तानं माणूस मरत नाही, हे मेडिसिनच्या कुठल्याही विद्यार्थ्याला ठाऊक असतं. आमच्या कॉलेजात मात्र एक जण मेला. तोही माझ्या डोळ्यांदेखत, उजवा हात छातीवर ठेवून आणि डावा पंख्याच्या दिशेनं उंचावून. पलंगाशेजारच्या हिरव्या पडद्याआडून तेवढ्यात एका बाईंचा आवाज आला, "काका, मरू नका नं! यात मरायचं नाही आहे!" काकांनी एक डोळा उघडून पडद्याकडे पाहिलं आणि नाइलाजानं ते जिवंत झाले.

हा सगळा उपद्व्याप माझा होता, म्हणून पहिल्यापासून सांगते.

मी तेव्हा रायपूरच्या मेडिकल कॉलेजात मेडिसिन शिकवत होते. राज्य नुकतंच वेगळं झालं होतं आणि आमचं गाव बघता बघता राजधानी होऊन बसलं होतं. मंत्रालयाला जागा नव्हती, म्हणून ते एका जुन्या दवाखान्याच्या इमारतीत थाटलं होतं. शंकर नगरात लाल दिव्याच्या गाड्या फिरू लागल्या होत्या. आमच्या तात्यापाऱ्यातल्या गल्लीत त्या वळू शकत नव्हत्या, याचं आम्हाला थोडं दुःख आणि पुष्कळ समाधान होतं. जो तो 'नवीन' काहीतरी करायच्या मागे लागला होता. आमचे विभागप्रमुखही एक दिवस म्हणाले, "मैडम, नए राज्य में कुछ नया कीजिए." बोलून गेले बिचारे.

मला कशाचा वैताग होता ते मला नीट माहीत होतं. वॉर्डात एक पलंग, त्यावर एक रुग्ण आणि भोवती गारुड्याचा खेळ बघायला जमावी तशी पोरं. पुढचे दोघं विचारणार, मधले लिहिणार, मागचे कँटीनचा विचार करणार. रुग्णही या प्रकाराला पुरते सरावलेले. एका आजोबांच्या हृदयाची झडप इतक्या पोरांनी ऐकली होती, की गळ्यात स्टेथोस्कोप दिसला की ते आपणहून सदरा वर करायचे आणि सांगायचे, "माइट्रल स्टेनोसिस हवय बेटा, इहां सुन." आता यात कोण काय शिकणार? रुग्णाला विचारायचं कसं, हे शिकायचं राहूनच जायचं. आणि मेडिसिन म्हणजे निम्मं तर विचारणंच.

पोरांनी आधी खोट्या रुग्णाशी बोलून हात साफ करावा, अशी पद्धत बाहेर कुठेकुठे सुरू झाल्याचं मी ऐकलं होतं. प्रश्न एवढाच की खोटे रुग्ण आणायचे कुठून. तर आमच्या मराठी वस्तीत, तात्यापाऱ्यात नटांना काय तोटा! आमच्यातली काही घरं भोसल्यांच्या काळापासून इथली, काही रेल्वेच्या नोकरीनं विदर्भातून आलेली. पण गणपतीतलं मराठी नाटक सगळ्यांचं मिळून असायचं. पुढे पोट्टे-पोट्टी मराठीत विचारलेल्याला हिंदीत उत्तर द्यायला लागले, नाटकाला कोणी येईना आणि मंडळाचे नट घरी बसले. रिकामा नट घरात किती त्रास देतो ते त्याच्या बायकोलाच विचारावं. मी विचारायला गेले तेव्हा घरोघरच्या बायकांनीच आधी होकार दिला.

सगळ्यांत उत्साही होते रेल्वेतून निवृत्त झालेले आमचे काका. हयातभर राजाचं काम केलेले. त्यांच्यासोबत काकू येणार, हे न सांगता ठरलेलं होतं. या काकू त्यांच्या कोणी नव्हेत. शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका आणि मंडळाच्या कायमच्या प्रॉम्प्टर. "पडद्याच्या पुढं कोणीही उभं राहते," त्या म्हणायच्या, "नाटक असते पडद्याच्या मागं." विनय हा गुण त्यांनी कधी जवळ फिरकू दिला नव्हता. पण त्या विंगेत नसतील तर आमचा एकही नट तोंड उघडत नसे, हेही खरं.

वॉर्डाच्या टोकाला सामान ठेवायची एक खोली होती, ती मला मिळाली. एक पलंग, एक स्टूल, पोरांसाठी दोन-चार बाकं, रुग्णाला आडोसा करायचा हिरवा पडदा. शनिवारची दुपार ठरली. मी प्रत्येक आजाराचे संवाद लिहून दिले होते आणि इथेच घोटाळा झाला. माणसं नाटकवाली, त्यांनी ते चोख पाठ केले. पलंगाच्या पायाशी नारळ फोडला. तिसरी घंटा वाजवली. ती ऐकून वॉर्डातल्या सिस्टर धावत आल्या आणि खोबरं घेऊन परत गेल्या.

पहिल्या पोरानं विचारलं, "क्या तकलीफ है?" काका गप्प. माझ्या कागदावर प्रश्न होता, 'काय त्रास होतो?' आणि काका त्याच वाक्याची वाट बघत बसलेले. पडद्याआडून काकूंनी हळूच सुचवलं, "पोटात..." झालं! "पोटात!" असं म्हणून काका जे सुटले ते वणव्यासारखे पसरले. मध्येच पोरानं विचारलं, जेवल्यावर दुखणं वाढतं का. काकांनी हात वर करून त्याला थांबवलं आणि म्हणाले, "ते पुढच्या प्रवेशात आहे." नंतर ते मेले, ते वर आलंच आहे.

मी एवढी हसले की मला बाहेर जाऊन डोळे पुसावे लागले. पोरं तर बाकांवरून घसरत होती. विभागप्रमुख दारात उभे होते. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "यह नया है न, मैडम?" मी म्हटलं, "हो सर, अगदी कोरं."

पुढच्या शनिवारपासून संवाद बंद. नटाला आजार समजावून सांगायचा आणि बोलणं त्याचं त्यानं करायचं. हे जमलं. काका अगदी आमच्या गल्लीतल्या माणसासारखे कण्हू-कुथू लागले. फक्त काकूंचं काम गेलं. संवादच नाहीत तर सुचवायचं काय? त्या फुगल्या. पण नटांनी सांगितलं, त्या मागे नसतील तर आम्हाला बोलता येणार नाही. मग त्या पडद्याआड नुसत्या बसू लागल्या. चेहरा असा, जणू मी त्यांची पेन्शन थांबवली.

आता त्या मुलीबद्दल सांगायला हवं, कारण हे सगळं शेवटी तिच्यावरच येऊन ठेपलं.

ती महानदीकडच्या एका खेड्यातली. वडील प्राथमिक शाळेत मास्तर. लेखी पेपरात तिच्या पुढे कोणी नव्हतं. पण रुग्णासमोर उभी राहिली की तिची वाचा बसायची. घरी छत्तीसगढी, शाळेत हिंदी, इथली पुस्तकं इंग्रजी, त्यात कानावर पडून थोडं मराठीही कळू लागलेलं. प्रश्न तिच्या डोक्यात एका भाषेतून दुसरीत फिरत राहायचा आणि तोंडापर्यंत यायचाच नाही. होस्टेलमध्ये तिच्या बोलीची टिंगल झाली होती, तेव्हापासून ती बोली तिनं ट्रंकेत कुलूप लावून ठेवली होती. मेडिसिनच्या प्रॅक्टिकलला ती रुग्णाशेजारी वेळ संपेपर्यंत नुसती उभी राहिली आणि नापास झाली. फेरपरीक्षा तोंडावर होती. मला येऊन म्हणाली, "मैडम, इस बार भी नहीं बोल पाई तो मैं गाँव चली जाऊँगी. पापा के स्कूल में पढ़ा लूँगी."

मी चिडले. तिच्यावर नाही, एवढी हुशार पोरगी केवळ आवाज फुटत नाही म्हणून हातची जाणार, याच्यावर. म्हटलं, शनिवारी ये, बघू कशी बोलत नाहीस ते. असल्या दमदाटीनं कोणाचा कंठ फुटला असता तर काय हवं होतं!

शनिवारी ती आली. स्टुलावर बसली. समोर काका. त्या दिवशी काकांनी मनाशी ठरवलं होतं की आपला रुग्ण अबोल आहे. झालं, दोघंही गप्प. पंखा तेवढा कुरकुरत होता. मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. मुलीची मान खाली खाली जाऊ लागली. मी आता काहीतरी बोलणार, एवढ्यात पडद्याआडून सवयीनं एक शब्द आला. नुसता एक.

"कधी..."

"कधी..." मुलगी दचकून म्हणाली आणि लगेच, "कब से है दर्द, काका?"

खोलीत हशा पिकला. मी काकूंना झापायला उठलेच होते. सुचवणं हे परीक्षेत चालणार होतं का? पण मुलीकडे लक्ष गेलं आणि मी परत बसले. तिचे खांदे खाली आले होते. काकांनी उत्तर दिलं. ती पुन्हा अडली. पडद्याआडून आलं, "आधी..." आणि तिनं विचारलं, "इसके पहले कभी हुआ था?" असं करत करत तिनं अख्खी हकीकत काढली. आमच्या कॉलेजात आल्यापासूनची पहिली. वर्गानं टाळ्या वाजवल्या, तेव्हा पडद्याआडून काकू बाहेर आल्या आणि त्यांनी वाकून त्या टाळ्या स्वतः घेतल्या.

त्यानंतर मी काकूंचं काम नीट पाहायला लागले. त्या कधीच पूर्ण वाक्य देत नसत. "वाक्य देलं का नट आयता होते," त्या म्हणाल्या. "त्याले फक्त पहिला शब्द द्यायचा. बाकीचं त्याच्याजवळ असतेच." पुढच्या शनिवारी शब्दाचं अक्षर झालं. त्याच्या पुढच्या शनिवारी नुसतं खाकरणं. मी वर्गात इतकी वर्षं शिकवत होते, पण मदत अशी हळूहळू काढून घेता येते, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मला तर उत्तर माहीत असलं की पोटात राहत नाही. आनंदानं माझं डोकं चालू लागलं. मी बाकीच्या पोरांनाही जोड्यांनी बसवलं, एक विचारणारा आणि एक मागे सुचवणारा. वाक्य दिलं की त्याला चहाचे कप विसळायची शिक्षा. शनिवारच्या दुपारी ती खोली इतकी भरायची की विभागप्रमुखांना दारात उभं राहून बघावं लागायचं आणि ते दर वेळी कुरकुरायचे, आणि दर शनिवारी यायचे.

एक दिवस त्यांनी मला नेमकं विचारलं, "मैडम, परीक्षा में परदे के पीछे कौन बैठेगा?"

मी तेच काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मी तालमीत बोलते. प्रयोगाच्या दिवशी मी गप्पच राहते. अन् तसं नसन तर मी प्रॉम्प्टर काहूनची?"

परीक्षेच्या आधीचा शनिवार आला. मुलगी छान बोलत होती. अर्ध्यात अडली. आम्ही सगळे पडद्याकडे बघायला लागलो. पडदा गप्प. शब्द नाही, अक्षर नाही, खाकरणं नाही. मुलगी पडद्याकडे बघत राहिली. मग उठली आणि रडत खोलीबाहेर गेली. ती थेट होस्टेलवर गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

मी पडदा सरकवला. "काहून नाही बोलल्या तुम्ही?" माझा आवाज चढला होता.

"ते विसरली नव्हती," काकू शांतपणे म्हणाल्या. "थांबली होती. विसरला का थांबला, हे मले पाठीवरून समजते. थांबलेल्या माणसाले शब्द देला तर त्याचं स्वतःचं बोलणं मरते."

"आणि आता ती परीक्षेला आलीच नाही तर?"

काकूंनी चष्मा पुसला, घातला आणि लगेच काढून पुन्हा पुसला. आम्ही दोघी तात्यापाऱ्यापर्यंत एकाच रिक्षात, पण दोन बाजूंना तोंडं करून आलो.

परीक्षेला ती आली. डोळे सुजलेले, पण आली.

बाहेरून आलेले परीक्षक दुसऱ्या राज्यातले होते, कडक म्हणून नावाजलेले. आतली परीक्षक मी. माझं काम हजर राहायचं आणि तोंड बंद ठेवायचं. देवानं मला याहून अवघड काम दिलेलं नाही. तिच्या वाट्याला आला तो बीरगांवच्या कारखान्यातला एक कामगार. दम लागतो म्हणून भरती झालेला. सकाळपासून परीक्षार्थी त्याला तेच ते विचारून गेले होते आणि त्यानं सगळ्यांना एकच होकार दिला होता, "हव." खोकला येतो का? हव. छातीत दुखतं का? हव. ती पोचली तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडला होता.

ती उभी राहिली. बोलेना. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. माझ्या तोंडात प्रश्नांची रांग लागली होती. मी जीभ दातांखाली धरली आणि मनात म्हटलं, बाई, कधी, नुसतं कधी म्हण. तिनं आधी स्टूल ओढलं. बसली. त्याच्या पाठीकडे बघत राहिली. पुष्कळ वेळ. मग, वर्गात आजवर कधी न काढलेल्या आपल्या घरच्या बोलीत, हळूच म्हणाली, "कका... सांस...?"

आणि थांबली. पुढे काहीच विचारलं नाही.

परीक्षक माझ्याकडे बघायला लागले. मी जमिनीकडे. आणि भिंतीकडे तोंड केलेल्या त्या माणसानं कूस बदलली.

"सांस नइ, बाई," तो म्हणाला. "डर लागथे."

"डर..." ती म्हणाली. पुन्हा तेवढाच शब्द.

"सुतथंव त बूड़त हंव तइसे लागथे." आडवं पडलं की बुडतोय असं वाटतं. "तेखर सेती रात भर बइठे रहिथंव. काखरो ले नइ कहे हंव." म्हणून रात्रभर बसून काढतो, कुणाला सांगितलं नाही. मग तो बोलतच सुटला. पायांवरची सूज, बायकोला कळू नये म्हणून घातलेले मोजे, जिना चढताना मुद्दाम बिडी पेटवायचं निमित्त करून घेतलेला विसावा. ती मध्ये मध्ये एखादा शब्द टाकायची आणि थांबायची. मी वीसेक वर्षं तरी हृदयाचे रुग्ण बघत होते, पण इतकी स्वच्छ हकीकत फार क्वचित ऐकली होती. माझे डोळे भरून आले आणि मी मुद्दाम खिडकीबाहेर बघू लागले.

तिनं उठून केस सांगितली. अर्धी इंग्रजीत, अर्धी हिंदीत, अडखळत, पण एकही गोष्ट न सोडता. परीक्षकांनी तिला बरंच तासलं. निदान विचारलं, औषधं विचारली. तिनं उत्तरं दिली. मग त्यांनी आधीच्या परीक्षार्थींचे कागद चाळले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"यह लेटने वाली बात और किसी ने नहीं लिखी. पूछा नहीं किसी ने?"

आता ती घाबरेल, मला वाटलं. पण ती क्षणभर विचार करून म्हणाली, "सर, पूछा तो सबने होगा. वो सोच रहे थे, तब तक हम लोग आगे बढ़ गए."

परीक्षकांनी मान हलवली, पेनाचं टोपण लावलं आणि पुढच्या पलंगाकडे वळले. निकाल लागायचा होता आणि मला तो फोडता येत नव्हता. ती पास झाली, चांगली पास झाली, हे आता सांगायला हरकत नाही. पण तिला त्या घडीला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती स्टूल जागेवर ठेवत होती, तेव्हा पलंगावरून त्या माणसानं विचारलं, "तोर परीक्षा होगे, बाई?"

"हव कका, होगे."

"त अब चल देबे?" म्हणजे आता तूही निघून जाणार.

मी जागच्या जागी थांबले. तिनं त्याच्या पाठीमागची उशी उंच केली, त्याला नीट टेकून बसवलं आणि म्हणाली, "नइ जांव कका. मंय इहेंच हंव."